एकच सहल, दोन हकिगती

ताई,
लग्नाला दीडेक महिना झाला. दोन्ही घरांच्या मनासारखं झालं, फोटोही सुंदर आलेत. पण त्या दिवसाचं मला फारसं काही आठवतच नाही. झोप नव्हती, केसांतल्या पिना टोचत होत्या. कोण भेटलं, कोण काय बोललं, ते आता फोटो बघून कळतंय. पाळी नेमकी त्याच तारखांना येणार होती म्हणून आत्याने सुचवलेल्या गोळ्या घेत होते, त्या ट्रिप संपेपर्यंत चालू ठेवल्या.

लग्नानंतर लगेच आम्ही समुद्रकाठी फिरायला गेलो. पहिले दोन दिवस छान गेले. मग लघवीला भयंकर जळजळ सुरू झाली. त्या रात्री मी कितीतरी वेळ बाथरूममध्ये बसून होते. त्याला माझं कण्हणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला होता. सकाळी एवढंच म्हटलं, 'बरं वाटत नाहीये.' तो जवळ आला की मी बाजूला सरकायचे. तोही मग गप्प झाला, बाल्कनीत जाऊन फोन बघत बसायला लागला. शेवटी कडाक्याचं भांडण झालं, मी रडले आणि तेव्हा कुठे सगळं सांगितलं. त्याने धावपळ करून डॉक्टर शोधला, गोळ्या आणल्या. शेवटचा दिवस आणि परतीचा प्रवास मात्र मस्त झाला.

आता सगळ्यांना मी 'खूप छान झाली ट्रिप' असंच सांगते. परवा त्याच्या मित्रांनी विचारलं, तर हा म्हणाला, 'आयुष्यातले सगळ्यात भारी दिवस!' मी बघतच राहिले. हा खोटं बोलतोय, की आम्ही दोघं दोन वेगळ्या ठिकाणी गेलो होतो? मैत्रिणी सविस्तर हकिगत लिहून पाठव म्हणून मागे लागल्यात, त्यांतल्या एकीचं लग्न तोंडावर आलंय. मी दोन ओळींच्या पुढे जात नाही. आणि खरं सांगायचं तर जळजळ परत होईल या भीतीने मी अजूनही त्याच्यापासून लांबच राहते. आमची सुरुवातच चुकली का?
— एक नवविवाहिता

प्रिय मैत्रिणी,

आधी तब्येतीचं बोलू. तुझ्या पत्रातली निम्मी भीती तिथूनच आली आहे आणि तिच्यावर इलाज आहे.

तुला झाला तो मूत्रमार्गाचा संसर्ग असणार. 'उन्हाळी लागली असेल, पाणी पी' असं म्हणून घरोघर जो त्रास अंगावर काढला जातो, त्यातला बराचसा हाच असतो. बाईच्या शरीरात मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो. पुरुषाचा २० सेंटिमीटरच्या आसपास. आतड्यात एरवी निवांत राहणारे ई. कोलाय नावाचे जिवाणू शरीरसंबंधाच्या वेळी पुढे ढकलले जातात आणि एवढं छोटं अंतर कापून सहज मूत्राशयापर्यंत पोचतात. संबंध नव्याने सुरू झाले की हा त्रास इतक्या जणींना होतो की डॉक्टरांमध्ये त्याला 'हनिमून सिस्टायटिस' (सिस्टायटिस म्हणजे मूत्राशयाचा दाह) असं नावच पडलं आहे. त्यात प्रवासात आपण पाणी कमी पितो आणि स्वच्छतागृह धड नाही म्हणून लघवी तुंबवून ठेवतो. तुझ्याकडून काही अस्वच्छ घडलं, त्याच्याकडून काही वाईट घडलं, असं मनात असेल तर ते आजच काढून टाक.

परत होऊ नये म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. संबंधानंतर फार वेळ न घालवता लघवीला जाऊन ये. दिवसभर पुरेसं पाणी पी, लघवी आली की थांबू नकोस. शौचानंतर पुढून मागे स्वच्छ कर. 'खास स्त्रियांसाठी' म्हणून मिळणारे सुगंधी वॉश लांबच ठेव, त्या नाजूक जागेला साध्या पाण्याच्या पलीकडे काही लागत नाही. गर्भनिरोधनासाठी शुक्राणुनाशक जेल किंवा तसं जेल लावलेले निरोध वापरत असाल तर ते बदला, त्यांनी या संसर्गाची शक्यता वाढते. डॉक्टरांनी दिलेली अँटिबायोटिक्स सांगितलेले सगळे दिवस घ्यायची, जळजळ थांबली म्हणून मध्येच सोडायची नाहीत. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी आपल्या मनाने तर अजिबात घ्यायच्या नाहीत. पुन्हा जळजळ झाली तर लघवीची तपासणी कर, कल्चरसकट, म्हणजे त्रास कोणत्या जिवाणूमुळे आहे ते कळतं. ताप, थंडी वाजणं, उलट्या, पाठीत बरगड्यांच्या खाली दुखणं, यातलं काही सुरू झालं तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा, कारण तेव्हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

आत्याने सुचवलेल्या गोळ्यांबद्दलही सांगते. पाळी पुढे ढकलायला बहुधा नॉरइथिस्टेरॉन देतात. गोळ्या थांबवल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. पण त्या घेताना पोट फुगणं, छाती दुखणं, मन उदास होणं, उगाच रडू येणं असं काही जणींना होतं. तुझं त्या दिवसांतलं रडू सगळं गोळ्यांमुळे होतं असं मी म्हणत नाही, पण त्यांचा थोडा वाटा असू शकतो हे लक्षात असू दे. आणि ही गोष्ट बऱ्याच जणींना कोणी सांगतच नाही: पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेल्या या गोळ्यांनी गर्भधारणा टळत नाही. तुझी पाळी त्यानंतर नीट आली नसेल तर आधी तपासणी करून घे. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल त्यांच्यासाठी त्या धोक्याच्या ठरू शकतात, म्हणून पुढच्या वेळी नात्यातल्या कुणाच्या सांगण्यावर नको, डॉक्टरांना विचारून घे.

आता भीतीचं. एकदा दुखलं की शरीर ते लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी तू मनाने तयार असलीस तरी खालचे स्नायू आपोआप आवळतात, मग खरंच दुखतं, आणि भीतीला पुरावा मिळतो. हे चक्र तोडायचं तर घाई सोडायला हवी. काही आठवडे नुसती जवळीक असू दे, पुढे जायचंच असं काही नाही हे दोघांनी आधी मोकळेपणी ठरवा. एकदा तसं ठरलं की त्याचा हात खांद्यावर आला तरी तुझं अंग आखडणार नाही. कोरडेपणा वाटला तर पाण्यावर आधारलेलं वंगण औषधांच्या दुकानात मिळतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एवढं करूनही दुखत राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. 'होईल सवय' म्हणून कोणी बोळवण केली तर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. स्नायूंच्या या त्रासावर व्यायाम आणि उपचार आहेत आणि त्यांनी बायका बऱ्या होतात. सहन करणं हा यावरचा उपाय नाही, हे मी तुला अगदी ठामपणे सांगते.

तुझ्या पत्रातला तो सोडून ठेवलेला नळ मात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आत तू पोट धरून बसलेली आणि बाहेर त्याला ऐकू येतंय फक्त पाणी. दार बंद, बराच वेळ. सकाळी तू बाहेर येतेस, चेहरा उतरलेला, आणि म्हणतेस, 'बरं वाटत नाहीये.' तो हात पुढे करतो, तू सरकतेस. त्याच्या जागी बसून बघ. लग्नाला आठवडाही झालेला नाही, बायको रात्रभर दार लावून बसते आणि सकाळी अंगाला हात लावू देत नाही. त्याने काय समजावं? जळजळीचा अंदाज त्याला येणं शक्यच नव्हतं. त्याला वाटलं असणार, हिला मी नको आहे. आणि असं वाटलेला नवा नवरा बहुतेक वेळा विचारत नाही, कारण उत्तर 'हो' आलं तर काय करायचं हे त्याला माहीत नसतं. तो बाल्कनीत जातो.

तुला वाटलं, याला माझं काही पडलेलं नाही. त्याला वाटलं, हिला मी आवडत नाही. दोघंही चूक होतात आणि दोघांकडेही चूक असण्याला पुरेसं कारण होतं.

पण पुढे काय झालं तेही तूच लिहिलं आहेस. खरी गोष्ट कळल्याबरोबर तो उठला आणि अनोळखी गावात डॉक्टर शोधून आणला. तुझ्या पत्रातलं हे एक वाक्य मी सगळ्यात जास्त वजनाचं मानते. सांगितल्यावरही तो फोनच बघत बसला असता तर मी तुला वेगळं पत्र लिहिलं असतं.

मुलींना लहानपणापासून दुखणं लपवायला शिकवलं जातं आणि लग्नाच्या दिवसांत तर त्याची परिसीमा होते. सगळे खूश आहेत, एवढा खर्च झालाय, आपल्यामुळे विरजण नको. याची मला मनापासून चीड येते. तू स्वतःवर चिडू नकोस, पण ही सवय मोड. नवऱ्याला सांगायचं वाक्य काही अवघड नाही: 'मला लघवीला जळजळ होतेय, खूप दुखतंय, याचा तुझ्याशी संबंध नाही, मला डॉक्टरकडे ने.' यातला 'याचा तुझ्याशी संबंध नाही' हा तुकडा विसरू नकोस, बाल्कनीत जाणारी माणसं त्यानेच खोलीत थांबतात.

मग तो 'सगळ्यात भारी दिवस' कसे म्हणाला? माझ्या मते तो खोटं बोलला नाही. त्याला ते दिवस तसेच आठवत असणार.

१९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनिअल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या फेरीत तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, फक्त त्या शेवटच्या ३० सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू १५ अंशांवर नेलं. नंतर विचारलं, यातलं कोणतं पुन्हा करशील? बहुतेकांनी जास्त वेळ चाललेलं निवडलं. एकूण त्रास जास्त होता, तरी शेवट जरा बरा होता म्हणून. अनुभव किती काळ चालला याचा हिशेब आठवण फारसा ठेवत नाही. त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि त्याचा शेवट यांच्यावर ती उभी राहते.

तुमच्या सहलीला हे लावून बघ. तिचा सगळ्यात तीव्र क्षण तुझ्यासाठी ती बाथरूममधली रात्र. त्याच्यासाठी ती रात्र म्हणजे बंद दार आणि पाण्याचा आवाज, दुखलं ते तुझं. त्याच्या मनात जास्त ठसलं असेल ते बायकोने रडत का होईना सगळं सांगणं, आपण धावपळ करणं, तिला बरं वाटणं, हसत परत येणं. नको आहोत असं वाटून दोन दिवस काढलेल्या माणसाला आपण हवे आहोत हे कळलं, तर ते दिवस त्याला भारी वाटणारच. तेच हॉटेल, तोच समुद्र, पण तुमच्या आठवणींचे खांब वेगवेगळ्या जागी रोवलेले आहेत.

शिवाय सहल जशी जाते त्यापेक्षा ती आधी आणि नंतर जास्त छान वाटते, हेही तपासलं गेलं आहे. टेरेन्स मिचेल, ली थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये लिहिलेल्या निबंधात कॅलिफोर्नियातल्या तीन आठवड्यांच्या सायकल सहलीला गेलेली मुलं होती. निघण्याआधी उत्साह, प्रत्यक्षात बऱ्याच जणांची निराशा, आणि परतल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा 'काय मजा आली' अशी आठवण. तुझा नवरा त्या टप्प्यावर पोचला आहे. तू अजून पोचली नाहीस, कारण तुझी भीती अजून चालूच आहे. भीती संपेपर्यंत तुझ्यापुरती ती सहल संपलेलीच नाही.

लग्नाचा दिवस आठवत नाही याची खंत बाळगू नकोस. रात्ररात्र झोप नसताना मेंदू आठवणी नीट साठवत नाही. १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन डॉक्टरांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची ताणाच्या दृष्टीने एक यादी केली होती. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण. लग्नाला त्यांनी ५० गुण दिले आणि नोकरीवरून काढून टाकलं जाण्याला ४७. झोपेच्या सवयी बदलणं, सुट्टीवर जाणं, राहतं घर बदलणं यांनाही त्या यादीत वेगवेगळे गुण आहेत, आणि तुझ्या बाबतीत हे सगळं जवळजवळ एकाच महिन्यात आलं. आनंदाची घटनाही शरीराला ताणच देते. तुला थकवा आला, रडू आलं, काही आठवेना, यात लग्नाविषयी कुठलाही अपशकुन नाही. त्या दिवसाच्या जेवढ्या तुटक आठवणी आहेत तेवढ्या लिहून ठेव, पिना टोचत होत्या हेसुद्धा. फोटोत न आलेल्या गोष्टी फक्त तुझ्याकडेच आहेत.

आणि इथे मी तुझ्या हकिगतीकडे येते. दोन ओळींच्या पुढे जात नाही, कारण मैत्रिणींना दाखवायची हकिगत तू आधी लिहायला बसलीस. तुम्हा दोघांची हकिगत अजून झालेलीच नाही. ती आधी होऊ दे.

एखादी निवांत संध्याकाळ बघा. तू तुझी सहल कागदावर लिही, त्याला त्याची लिहू दे, एकमेकांचं न बघता. पहिल्या दिवसापासून परत येईपर्यंत, जसं वाटलं तसं. मग कागद बदला आणि वाचून होईपर्यंत कोणीही मध्ये बोलायचं नाही. त्याच्या कागदावर बंद दाराची रात्र कशी उतरली आहे ते तुला वाचायला मिळेल. नळाच्या आवाजामागे काय चाललं होतं ते त्याला पहिल्यांदाच पूर्ण कळेल. भांडणात ओरडून सांगितलेलं आणि शांतपणे लिहिलेलं यांत फार फरक असतो, ओरडलेलं ऐकताना समोरचा स्वतःला सावरण्यात गुंतलेला असतो.

वाचून झाल्यावर त्या भांडणाबद्दल आणखी एकदा लिहा, पण या वेळी तुम्हा दोघांचंही भलं चिंतणारा एखादा तिसरा माणूस ते बघत होता असं समजून, त्याच्या नजरेने. ही युक्ती माझी नाही. एली फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १२० विवाहित जोडप्यांचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांनी दुसऱ्या वर्षी दर चार महिन्यांनी फक्त ७ मिनिटं आपल्या भांडणाबद्दल असं तिऱ्हाइताच्या नजरेने लिहिलं. बाकीच्यांचं वैवाहिक समाधान हळूहळू घसरत राहिलं, लिहिणाऱ्यांचं घसरणं थांबलं. भांडणं दोन्हीकडे होतच होती, पण लिहिणाऱ्यांचा त्यांतला मनस्ताप कमी झाला. वर्षाला २१ मिनिटं! तुम्ही तर आत्ताच सुरुवात करताय.

एक काळजी घे. त्याच्या कागदावर 'भारी दिवस' असेल तर 'हे खोटं आहे' म्हणू नकोस. त्याला भारी काय वाटलं ते विचार. तुलाही कदाचित त्यातलं काही आठवेल, जे त्या रात्रीखाली दबून गेलं आहे. आणि त्याने तुझं वाचून 'एवढं काय त्यात' असं म्हटलं, तर गप्प बसू नकोस. 'माझ्यासाठी एवढं होतं' एवढंच म्हण आणि थांब.

सुरुवात चुकली का, असं विचारतेस. सात-आठ दिवसांत तुम्हा दोघांना एकमेकांचं मौन कसं असतं, भांडण कसं असतं आणि अडचणीत दुसरा काय करतो, हे सगळं दिसलं. काही जोडप्यांना हे कळायला वर्षं लागतात. चूक म्हणायचीच तर एकच, रात्रीच उठवून सांगितलं नाहीस, आणि ती पुढच्या वेळी सुधारता येते.

मैत्रिणींचं सोपं आहे. समूहावर चार चांगले फोटो टाक, 'छान झाली, थकलेही खूप' एवढं लिही. ते खरंच आहे, आणि त्याहून जास्त सांगायला तू कोणाला बांधील नाहीस. बाथरूम, भांडण, जवळीक या गोष्टी त्याच्याही आहेत, तेव्हा त्याला विचारल्याशिवाय कुठे लिहू नकोस. पण जिचं लग्न तोंडावर आलंय तिला एकटीला फोन कर. तुमच्या दोघांतलं काही न सांगताही तिच्या उपयोगाचं सगळं सांगता येतं: संबंधानंतर लघवीला जाऊन यायचं, पाणी प्यायचं, पाळीच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर आत्ताच डॉक्टरांना भेटायचं आणि त्या गर्भनिरोधक नाहीत हे दोघांनाही माहीत हवं, जिथे जाणार तिथला डॉक्टर कुठे आहे ते निघण्याआधी बघून ठेवायचं, आणि लग्नानंतर शक्य असेल तर दोन-तीन दिवस घरी नुसतं झोपून मग निघायचं. जळजळ सुरू झाली तर रात्री कितीही वाजले असले तरी नवऱ्याला उठवायचं, हेही सांग. तिला हा फोन या आठवड्यातच कर, बॅगा भरायच्या आधी.